घोरण्यापासून सीपॅपपर्यंत: स्लीप अ‍ॅप्निया नव्याने कळलेल्यांसाठी

ठाणे-वाशी लोकलमध्ये सकाळी चढलात की ऐरोली यायच्या आधीच निम्मा डबा पेंगायला लागलेला असतो, हँडल धरून उभ्याउभ्या झोपणारेही असतात, त्यामुळे आपल्याकडे दिवसा झोप येणं हे आजाराचं लक्षण असू शकतं असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. प्रवास, शिफ्ट, डास, वरच्या मजल्यावरचा टीव्ही, कारणं ढीगभर सापडतात. आणि घोरणारा माणूस तर गाढ झोपलाय असंच सगळे समजतात. माझ्या सासूबाई कायम म्हणायच्या, दमून येतो बिचारा, घोरू दे त्याला. माझ्या नवऱ्याला सिव्हिअर स्लीप अ‍ॅप्निया निघाला, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा आजार, आता तो रोज सीपॅप नावाचं, मास्कमधून हवा सोडणारं मशीन लावून झोपतो, आणि घणसोलीत आमच्या सोसायटीत कुणाला हे नवीन कळलं की तो माणूस, खरं तर जास्त करून त्याची बायको, आमच्याकडे विचारायला येते. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहितेय. मी डॉक्टर नाही, औषध आणि प्रेशरचे आकडे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. पण एक गोष्ट मला अगदी पक्की सांगायचीय, की मशीन चांगलं काम करतं, माणसं अडतात ती मास्कवर आणि पहिल्या महिन्यात, आणि तेवढ्यात कंटाळून मशीन कपाटावर टाकून देतात. तेवढं होऊ देऊ नका.

आधी हे नेमकं काय होतं ते

आपण झोपलो की घशाचे स्नायू सैल पडतात. ज्यांचा घसा आधीच अरुंद आहे, म्हणजे मानेवर चरबी आहे, जबडा लहान आहे, टॉन्सिल मोठे आहेत, जीभ जाड आहे, त्यांच्यात जिभेचं मूळ आणि टाळूचा मागचा मऊ भाग मागे पडतो आणि श्वासाची वाट बंद होते. भिजलेल्या कागदी स्ट्रॉने शहाळं ओढायला गेलं की स्ट्रॉ आतल्या आत चिकटतो ना, तसंच, जितका जोर लावाल तितका तो जास्त चिकटतो. श्वास निदान १० सेकंद थांबला तर त्याला अ‍ॅप्निया म्हणतात, पूर्ण न थांबता बराच कमी झाला तर हायपोप्निया. ऑक्सिजन खाली जातो, मेंदू घाबरून माणसाला काही सेकंदांसाठी जागं करतो, एक मोठा घुर्र आवाज येतो, श्वास सुरू होतो आणि माणूस परत झोपतो. सकाळी त्याला यातलं काहीही आठवत नाही, म्हणूनच तो छातीठोकपणे सांगतो की मला मस्त झोप लागते.

हा झाला ऑब्स्ट्रक्टिव्ह प्रकार, थोडक्यात ओएसए, बहुतेकांना हाच असतो. दुसरा सेंट्रल, त्यात घसा उघडा असतो पण श्वास घे असा मेंदूकडून निरोपच जात नाही, तो हार्ट फेल्युअरमध्ये किंवा काही औषधांमुळे दिसतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

हे किरकोळ नाही. रोज रात्री असा ऑक्सिजन वरखाली होत राहिला की बीपी वाढतं आणि तीन-तीन गोळ्यांनीही नीट आटोक्यात येत नाही, हृदयाचे ठोके अनियमित होतात, शुगर आणि स्ट्रोकचा धोका वाढतो. २०२२च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले तेव्हा डॉक्टरांनी ओएसएचंच नाव घेतलं होतं, तेव्हा कुठे खूप जणांनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

पहिलं काम: घरातल्या माणसाने नीट बघायचं

ज्याला आजार आहे त्याला तो दिसत नाही, त्यामुळे शेजारी झोपणाऱ्याने हे करायचं. मोबाईलवर व्हिडिओ काढा, आणि शक्यतो पहाटे काढा, कारण स्वप्नांची झोप पहाटेकडे जास्त असते आणि त्या झोपेत स्नायू सगळ्यात सैल असतात, त्रासही तेव्हाच वाढतो. उताणं झोपलेलं असताना काढा. चेहऱ्याबरोबर छाती-पोटही फ्रेममध्ये येऊ द्या. मी जे पाहिलं ते असं: घोरणं एकदम बंद, खोलीत फक्त पंख्याचा आवाज, पण पोट मात्र वरखाली होतंय, जोर लागतोय, गळ्याच्या खालचा खळगा आत ओढला जातोय, तोंडातून हवा काही नाही, आणि मग एकदम गुदमरल्यासारखा आवाज करून आख्खं अंग हलतं. घोरण्याच्या आवाजापेक्षा ही मधली शांतता डॉक्टरांना दाखवा, आमच्या डॉक्टरांनी तो व्हिडिओ बघून लगेच टेस्ट लिहून दिली.

बाकी लक्षणं: सकाळी उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडं, दुपारी मीटिंगमध्ये डोळा लागणं, चिडचिड, विसरणं. आणि रात्री दोन-तीन वेळा लघवीला उठणं, हे लोक प्रोस्टेट किंवा शुगर समजतात, पण बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना हृदयावर ताण येतो आणि हृदय एक हार्मोन सोडतं ज्यामुळे लघवी वाढते. कित्येकांचं हे उठणं मशीन सुरू केल्यावर कमी होतं.

बायकांबद्दल मुद्दाम लिहिते कारण त्यांचं कुणी बघत नाही. बायका कमी घोरतात किंवा घोरण्याबद्दल बोलायला लाजतात, त्यांच्यात झोपच नीट न लागणं, सतत थकवा, डोकेदुखी, उदास वाटणं असं दिसतं, मग बी-ट्वेल्व्ह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू राहतात. पाळी गेल्यानंतर धोका बराच वाढतो, पीसीओएस किंवा थायरॉइड असेल तरी वाढतो. आणि जाड माणसालाच होतं असं अजिबात नाही, आपल्याकडे जबड्याच्या ठेवणीमुळे सडपातळ लोकांनाही होतं.

स्वतःला आठ प्रश्न विचारा. स्टॉप-बँग नावाची प्रश्नावली आहे, टोरांटोतल्या भूलतज्ज्ञांनी ऑपरेशनच्या पेशंटसाठी बनवलेली: मोठ्याने घोरता का, दिवसा थकवा असतो का, श्वास थांबताना कुणी पाहिलंय का, बीपी आहे का, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५च्या वर आहे का, वय ५०च्या वर, मानेचा घेर ४० सेंटीमीटरच्या वर, पुरुष आहात का. तीन किंवा जास्त हो आले तर टेस्ट करून घ्या. मानेचं माप म्हणजे टेलरकडे कॉलर साधारण १६ इंच निघते का ते बघा. बीएमआयचा ३५चा आकडा मात्र आपल्यासाठी जरा सैलच आहे, भारतीयांमध्ये २५ पासूनच लठ्ठपणा धरतात.

कुणाकडे जायचं

छातीचे डॉक्टर म्हणजे पल्मोनोलॉजिस्ट, किंवा ईएनटी. नाक कायम चोंदलेलं असेल, नाकाचं हाड वाकडं असेल, टॉन्सिल असतील तर ईएनटीने सुरुवात केली तरी चालेल. ठाण्यात आणि नवी मुंबईत मोठ्या खाजगी हॉस्पिटलांत ही सोय मिळते. खर्च परवडणारा नसेल तर कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल मेडिकल कॉलेजशी जोडलेलं आहे, मध्य रेल्वेने थेट सायन हॉस्पिटलला जाता येतं, पुढे परळला केईएम हॉस्पिटल आहे. जाण्याआधी फोन करून स्लीप स्टडी होते का आणि वेटिंग किती ते विचारा, उगाच अर्धा दिवस लाइनीत जायला नको.

जाताना बीपीच्या गोळ्यांची यादी, थायरॉइड आणि शुगरचे रिपोर्ट आणि तो व्हिडिओ न्या. झोपेच्या गोळ्या किंवा रात्रीची दारू चालू असेल तर खरं सांगा, दोन्हींनी घसा अजून सैल पडतो. सोबत शेजारी झोपणारं माणूस हवंच.

टेस्ट

दोन प्रकार आहेत. एक लॅबमधली, रात्रभर हॉस्पिटलात झोपायचं, डोक्याला, छातीला, पायाला वायरी, टेक्निशियन बाहेर बसून बघतो. दुसरी घरची: संध्याकाळी माणूस येऊन छोटं मशीन देतो, छातीला पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला क्लिप, सकाळी परत घेऊन जातो. बहुतेकांना घरचीच सांगतात, स्वस्तही पडते आणि आपल्या अंथरुणात झोप लागते.

पण घरच्या टेस्टची एक गोम आहे जी फार कमी लोक सांगतात. ती टेस्ट बहुधा झोप मोजत नाही, रेकॉर्डिंगचा वेळ मोजते. समजा सात तास पट्टा लावून पडलात आणि त्यातले चारच तास झोपलात, तरी भागाकार सातानेच होतो आणि आकडा कमी दिसतो. म्हणून लक्षणं जोरदार आहेत आणि घरची टेस्ट नॉर्मल आली, तर विषय संपला असं समजू नका, लॅबच्या टेस्टबद्दल विचारा. त्या रात्री नेहमीसारखंच झोपा, मुद्दाम कुशीवर झोपून मार्क मिळवायचे नाहीत. मनगटावरच्या घड्याळाने ऑक्सिजन कमी दाखवला तर तो डॉक्टरकडे जायला निमित्त म्हणून घ्या, त्यावरून निदान होत नाही.

रिपोर्टमध्ये काय वाचायचं

सगळे एएचआय बघतात, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा कमी झाला. ५च्या आत नॉर्मल, ५ ते १५ माइल्ड, १५ ते ३० मॉडरेट, ३० आणि वर सिव्हिअर. ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, सात तासांत दोनशेच्या वर. पण तेवढ्यावर थांबू नका. ऑक्सिजन सगळ्यात कमी किती गेला आणि ९० टक्क्यांच्या खाली एकूण किती वेळ होता हेही बघा, कारण सारखाच एएचआय असलेल्या दोन माणसांत हा वेळ खूप वेगळा असू शकतो. उताणं आणि कुशीवर असे वेगळे आकडे दिलेले असतील तर तेही विचारा, काहींचा आजार बऱ्याच अंशी उताणं झोपल्यानेच असतो. पूर्ण रिपोर्टची कॉपी मागून घ्या, नुसत्या एका पानाच्या सारांशावर समाधान मानू नका.

कुठला उपचार

मॉडरेट आणि सिव्हिअरला पहिला उपचार सीपॅप. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली हा प्रसिद्ध केला, आणि कल्पना इतकी साधी की व्हॅक्युम क्लीनरच्या मोटरवर पहिली मशीन्स बनली. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकातून सोडायची, त्या दाबाने घसा उघडा राहतो, बस. यात ऑक्सिजन सिलिंडर नाही, फुफ्फुसं खराब झाली म्हणून हे लावलंय असंही नाही. हे मी जोर देऊन सांगते कारण शेजारपाजारचे लगेच हळू आवाजात विचारतात, ऑक्सिजनवर ठेवलंय का हो त्यांना, आणि माणूस खचतो. सवयही लागत नाही, चष्म्याने काही डोळे बिघडत नाहीत. पण ज्या रात्री लावणार नाही त्या रात्री आजार तिथेच असणार.

माइल्ड-मॉडरेटला डेंटिस्ट मापाने एक साचा बनवून देतात, तो खालचा जबडा थोडा पुढे धरतो. ज्यांना मास्क सहनच होत नाही त्यांना खरंच उपयोगी आहे, फक्त स्लीपचं काम करणारा डेंटिस्ट शोधा, ऑनलाइन मिळणारे उकळत्या पाण्यात मऊ करायचे साचे नकोत. नाकाच्या हाडाचं ऑपरेशन केल्याने अ‍ॅप्निया सहसा जात नाही, पण नाक मोकळं होऊन मास्क सोसणं सोपं जातं. लहान मुलांचं वेगळं आहे, त्यांच्यात बहुतेक वेळा टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइडच कारण असतात, आणि ते काढले की खूप मुलांचा त्रास जातो, त्यामुळे मूल तोंड उघडं ठेवून झोपतं, घोरतं, अंथरूण ओलं करतं, वर्गात चुळबुळ करतं तर ईएनटीला दाखवा.

वजनाबद्दल: १० टक्के वजन उतरलं तर एएचआय साधारण पाव हिश्शाने कमी होतो असं अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. टिर्झेपटाइड या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ लोकांच्या मॉडरेट-सिव्हिअर ओएसएसाठी मान्यता मिळाली, भारतात औषध मिळतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायचं नाही. आणि वजन कमी होईपर्यंत मशीन थांबवून ठेवायचं नाही, दोन्ही एकदम चालू द्या.

मशीन घेताना

साधं सीपॅप एकाच प्रेशरवर चालतं, ऑटो मशीन गरजेप्रमाणे प्रेशर वरखाली करतं. साधारण तीस-चाळीस हजारांपासून पुढे किमती आहेत, मास्क वेगळा. बरेच डीलर महिनाभर भाड्याने देतात, आधी तेच करा. डीलर घरी येतो, प्रेशरची ४ ते २० अशी पूर्ण रेंज उघडी ठेवतो आणि जातो. ४ वर खूप जणांना हवा कमी पडल्यासारखं होतं, जीव घुसमटतो, आणि त्यांना वाटतं मशीनच वाईट. कमीत कमी आणि जास्तीत जास्त प्रेशर डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि डीलरला तेच सेट करायला लावा.

जुनं मशीन स्वस्तात मिळत असेल तर मॉडेल आणि सीरियल नंबर तपासा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतला फोम खराब होतो म्हणून जगभरातली लाखो मशीन्स परत बोलावली होती, ती अजून कुणाच्या घरात पडलेली असू शकतात. मेडिक्लेममध्ये खूपशा पॉलिसी मशीनचे पैसे देत नाहीत, टीपीएला (पॉलिसीचे क्लेम बघणाऱ्या कंपनीला) मेल करून लेखी उत्तर घ्या. केंद्र सरकारी नोकरी किंवा पेन्शन असेल तर सीजीएचएस या केंद्राच्या आरोग्य योजनेतून आधी परवानगी घेऊन पैसे मिळू शकतात.

आता मास्क, आणि इथे घाई करायची नाही. तीन प्रकार: नाकावर बसणारा, नाकपुड्यांत टेकणारा पिलोवाला, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. नाकाने श्वास घेता येत असेल तर नाकाचाच घ्या, तो हलका असतो आणि लीक कमी होतो. डीलर बऱ्याचदा सरळ फुल फेस मीडियम काढून देतो, आमच्या इथल्या एकाने तर माप न घेताच पॅकेट फोडून हातात ठेवलं होतं. माप घ्यायला लावा, दोन-तीन घालून बघा, आणि दुकानात खुर्चीत बसून बघू नका, आडवं पडून, मशीन चालू करून, कूस बदलून बघा, कारण आडवं पडल्यावर चेहऱ्याचा आकार बदलतो. मोठ्या मिशा किंवा दाढी असेल तर फुल फेस हमखास लीक होतो, त्यांनी पिलोवाला आधी बघावा.

पहिला महिना

पहिल्याच रात्री आठ तास लावून झोपायचं असं कुणी ठरवू नका. आधी दिवसा, संध्याकाळी टीव्ही बघताना, नुसता मास्क हातात धरून नाकाला टेकवा, मग पट्टे लावा, मग मशीन चालू करून अर्धा तास. जीव घाबरला की काढा, परत लावा. मेंदूला एकदा पटलं की हवा येतेय आणि आपण गुदमरत नाही, की मग रात्रीचं सोपं होतं. रॅम्प नावाचं सेटिंग असतं, त्यात प्रेशर हळूहळू चढतं, आणि श्वास सोडताना प्रेशर कमी करणारंही सेटिंग असतं, ही दोन्ही आहेत का ते डीलरला विचारा.

लीक झाला की सगळे पट्टे आवळतात. आवळल्याने सिलिकॉनची किनार चुरगळते, लीक अजून वाढतो आणि सकाळी नाकाच्या हाडावर लाल वळ उठतो, तिथली कातडी सोलवटली की पुढच्या रात्री मास्क लावायचं नावच नको. उलटं करायचं: आडवं पडून, हवा चालू असताना मास्क चेहऱ्यापासून किंचित उचलून परत बसवायचा म्हणजे किनार फुगून बसते, आणि पट्टा एक बोट आत जाईल एवढाच. झोपण्याआधी तोंड साबणाने धुवा. आपल्याकडे रात्री चेहऱ्याला क्रीम किंवा केसांना खोबरेल चोपडून झोपायची सवय असते, त्या तेलाने मास्क सरकतो आणि सिलिकॉनही लवकर खराब होतं. तेल सकाळी लावा.

तोंड कोरडं पडत असेल तर तोंड उघडं राहतंय, मशीनमधला हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर वाढवा, नाक चोंदलं असेल तर सलाइन स्प्रे, तरी जमलं नाही तर फुल फेस. पोटात हवा जाऊन ढेकर आणि गॅस होत असतील तर डॉक्टरांना सांगा, प्रेशर बदलून बरंच कमी होतं. सर्दी झाली म्हणून आठवडाभर मशीन बंद ठेवलं की घडी विस्कटते, तेवढ्यापुरता फुल फेस मास्क जवळ असलेला बरा.

मशीन रोजचे तास, लीक आणि उरलेला एएचआय, म्हणजे मशीन लावूनही तासाला किती वेळा श्वास अडला, ते नोंदवतं. उरलेला एएचआय ५च्या आत हवा. रात्री किमान ४ तास आणि दहातल्या सात रात्री तरी, हा डॉक्टरांचा वापर मोजायचा किमान हिशोब आहे, पण खरं तर झोपाल तितका वेळ लावायचं, दुपारच्या डुलकीलाही. ऐरोलीच्या आयटी पार्कात नाइट शिफ्ट करणाऱ्यांनी दिवसा झोपताना लावायचं, आजार घड्याळ बघत नाही. सगळं नीट लावूनही एएचआय उतरत नसेल तर सेंट्रल प्रकार आहे का ते तपासावं लागतं, त्यामुळे महिन्याने डेटा घेऊन डॉक्टरांकडे जाच. काहींना आठवड्यात फरक कळतो, काहींना दोन-तीन महिने लागतात, इथे शेजारी झोपणाऱ्याने धीर द्यायचा असतो, रोज सकाळी किती तास झाले रे म्हणून हजेरी घ्यायची नसते.

धुणं-पुसणं

मास्कची गादी रोज ओल्या फडक्याने पुसा, आठवड्यातून एकदा मास्क, नळी, पाण्याची टाकी सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवा. टाकीत डिस्टिल्ड वॉटर, नळाच्या पाण्याने पांढरा थर बसतो, रोज सकाळी उरलेलं ओतून टाका. पावसाळ्यात नळी दिवसभर वाळत नाही आणि बुरशीचा वास यायला लागतो, तेव्हा मास्क काढून पाच-दहा मिनिटं नळीतून नुसती हवा सोडा. घोडबंदर रोडला किंवा तळोजाच्या बाजूला राहत असाल तर फिल्टर किती लवकर काळा होतो ते बघाच, कंपनी सांगते त्याच्या आधी बदलावा लागतो. ओझोनने मशीन साफ करणारी महागडी यंत्रं घेऊ नका.

गाडी, ऑपरेशन, गावाला जाणं

सिव्हिअर निघालाय आणि उपचार सुरू झालेले नाहीत, तर एक्स्प्रेसवेवर गाडी चालवायची नाही, कळंबोलीहून पुण्याला जायचं असेल तर दुसऱ्याला चालवू दे किंवा बसने जा. डोळा लागतोय असं वाटलं की काच खाली करून आणि गाणी लावून भागत नाही, गाडी बाजूला घ्यायची.

कुठलंही ऑपरेशन असो, दाताचं भूल देऊन असलं तरी, भूलतज्ज्ञाला आधी सांगा आणि मशीन हॉस्पिटलात घेऊन जा, भुलेनंतर घसा सैलच असतो.

लाइट गेली की काय, हा सगळ्यांचा प्रश्न. मास्कला हवा बाहेर जायची भोकं असतात आणि फुल फेसला वेगळी झडप असते, त्यामुळे माणूस गुदमरत नाही, बहुधा जाग येते, मास्क काढून ठेवायचा. इन्व्हर्टरवर चालवायचं तर ह्युमिडिफायरची हीटिंग बंद ठेवा, सगळ्यात जास्त करंट तीच खाते. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी लांब एक्स्टेन्शन बोर्ड घ्या कारण गावच्या घरात प्लग पलंगाजवळ कधीच नसतो, मशीन विमानात किंवा एसटीत सामानात न टाकता हातात ठेवा, टाकीतलं पाणी आधी ओतून टाका नाहीतर ते मोटरमध्ये जातं, आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. घरात वीस पाहुणे एका खोलीत झोपणार असतील तरी मास्क लावायचाच, पहिल्या रात्री पोरं जमून बघतात, मग आपापल्या गोधडीत जातात.